शनिवार, बायकांचा वार

स्टॉकहोम, १२ मार्च १९७२

चि. काल्यू यास अनेक आशीर्वाद.

तारीख मिळाली. ऑगस्टची अठरा, एकोणीस आणि वीस. शुक्रवार, शनिवार, रविवार. सहलीच्या कचेरीतल्या बाईंनी आज सकाळी फोनवर सांगितलं. छापखान्यात मुद्रितं तपासून खोड लागली आहे, म्हणून मी त्यांच्याकडून तारखा दोनदा वदवून घेतल्या. इथून हेलसिंकी, तिथून जहाजाने टालिन, परदेशी पाहुण्यांच्या हॉटेलात दोन रात्री, आणि परत. सोव्हिएत व्हिसाही गटाबरोबरच मिळेल.

आता वाईट ते सांगते. फक्त टालिन. घरी, सारेमा बेटावर, येता येणार नाही. बाईंना विचारलं, त्यांच्या साहेबांना विचारलं. दोघांनीही सांगितलं की गटाने शहराची हद्द ओलांडायची नाही आणि बेटांचं तर नावही काढायचं नाही. कार्यक्रम तासातासाने छापलेला आहे: तटबंदी, बुरूज, चर्च, पुन्हा बुरूज. शनिवारी दुपारी तीन ते सहा एवढा 'खरेदीसाठी मोकळा वेळ'. काल्यू, मला खरेदी करायची नाही. ते तीन तास आईचे.

तिला घेऊन टालिनला येशील ना? फेरी आणि बस मिळून दिवस जातो, हे माझ्या लक्षात आहे. ती शहात्तरची आहे, हेही आहे. पण मी गेले तेव्हा एकोणीसची होते, आता सत्तेचाळीसची आहे, आणि पुन्हा व्हिसा मिळेल की नाही हे कोणी सांगत नाही. तू तेव्हा तेरा वर्षांचा होतास आणि होडीपर्यंत माझी वळकटी घेऊन आला होतास. आता आईला घेऊन ये.

आईला साष्टांग नमस्कार सांग. तिच्यासाठी कॉफी आणि लोकरी रुमाल घेतला आहे. तुझ्यासाठी काय आणू ते कळव, नाहीतर मोजेच मिळतील. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
हेल्मी


सारेमा, ९ एप्रिल १९७२

ती. हेल्मीताईस काल्यूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार आठवड्यांनी पोहोचलं. पाकीट जरा सैल झालं होतं, पण आतलं सगळं जागेवर होतं. इकडे सर्व ठीक. मी अजून सहकारी संस्थेच्या भट्टीवर मासे धुरावतो, आणि आईच्या मते मला रविवारीसुद्धा लेस्त माशाचा वास येतो.

ताई, आई यायला तयार नाही.

पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा ती फक्त तारीख ऐकून उठली. दुसऱ्या दिवशी मला सौनाघराच्या धुराड्यावर चढवलं. ऑगस्टच्या त्या शनिवारी घरचं सौनाघर तापवायचं, बीअरसाठी जव भिजत घालायचे, तुझी खोली चुन्याने रंगवायची, असं सगळं ठरवून मोकळी झाली. मी धुराड्यावरूनच सांगितलं की ताई इथे येणार नाही, आपल्याला टालिनला जायचंय. तिने शिडी काढून घेतली.

खाली उतरल्यावर पुष्कळ समजावलं, की परदेशी पाहुण्यांना बेटावर येऊ देत नाहीत. ती म्हणाली की जी पोरगी या सौनाघरातच जन्मली, जिला याच कढईतल्या पाण्याने पहिली आंघोळ घातली, ती परदेशी कशी? हॉटेलच्या दाराशी उभं राहून स्वतःच्या लेकीला बघायला ती काही जत्रेला आलेली नाही, असंही म्हणाली. तिच्या मनात बसलंय की तुलाच आता आमच्या घरात यायला लाज वाटते.

माझ्या हातात काही नाही. नियम मी केलेला नाही, आणि आई माझं ऐकत नाही. तूच तिला लिही.

मोजे चालतील. लोभ आहे तसा राहू दे.

तुझा
काल्यू


स्टॉकहोम, ६ मे १९७२

ती. आईस हेल्मीचा कृ. सा. न.

काल्यू हे तुला वाचून दाखवेल. मध्ये थांबून तो स्वतःचं काही घालायला लागला तर त्याला गप्प कर.

आई, मला लाज वाटत नाही. इथे माझ्या न्हाणीघरात वाफ नसते. शनिवारी मी गरम पाण्याच्या नळाखाली उभी राहते आणि तरी पाठीचा मधला भाग कोरडा राहतो, कारण तिथे माझा हात पोहोचत नाही. लहानपणी तू घासायचीस तेव्हा मी ओरडायचे, आठवतं? तुझा हात सांडशीसारखा लागतो म्हणायचे.

मला घरी यायचं आहे. पण मी येऊ शकत नाही, आणि हे मी कुठल्या शब्दांत लिहिलं तर तुला पटेल ते मला कळत नाही. दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करणं माझं काम आहे, पण हे एक वाक्य मला जमत नाही. तू आली नाहीस तर मी ते तीन तास टालिनच्या दुकानांतून फिरून काढेन आणि परत येईन. दुसरं काहीच माझ्या हाती नाही.

रागावलीस तरी ये.

तुझी
हेल्मी


टालिन, २७ जून १९७२

ती. हेल्मीताईस सा. न. वि. वि.

हे पत्र टपालाने पाठवत नाही. इथे बांधकामावर आलेला फिनलंडचा एक गवंडी सुट्टीला घरी चालला आहे, तो हेलसिंकीहून टाकेल. तेव्हा जरा मोकळं लिहितो.

आईचं ठरलं. तुझं पत्र मी तिला तीनदा वाचून दाखवलं.  आठवड्याने एका पहाटे ती बर्चच्या डहाळ्या तोडायला गेली आणि येताना सौनात अंगावर मारायच्या दोनच जुड्या बांधून आणल्या. म्हणाली, हॉटेलात ती येणार नाही म्हणजे नाही, पण मिराल्दा टालिनलाच असते ना?

मिराल्दामावशी, आईची चुलत बहीण. बंदराजवळ कालामाया भागात जी लाकडी घरं आहेत, तिथल्या सार्वजनिक सौनाघराच्या खिडकीत ती तिकिटं देते. आम्ही काल येऊन तिला भेटलो. शनिवार हा बायकांचा वार. तुझा मोकळा वेळ तीन ते सहा. तू चार वाजता यायचं, तिकीट घ्यायचं, कोट खुंटीला टांगायचा आणि आत जायचं. आई म्हणते, आत कोण कुठली ते कोणाला कळतंय? स्वीडनचा कोट बाहेर राहिला की सगळ्या सारख्या. सगळ्यात वरच्या बाकावर डाव्या कोपऱ्यात ती बसलेली असेल. नावाने हाक मारायची नाही, बोलायचं नाही, असं मिराल्दामावशीने बजावलं आहे. तुमच्या गटाबरोबर कोण कोण फिरतं ते तिला माहीत आहे. तू नुसती शेजारी जाऊन बस आणि पाठ पुढे कर.

आईच्या डोळ्यांचं तुला सांगितलं नव्हतं. मोतीबिंदू आहे. दोन हातांपलीकडचं माणूस तिला धुक्यातल्यासारखं दिसतं. तिने सांगू नको म्हटलं होतं, म्हणून सांगितलं आहे.

पोहोच लिही, पण टपालाने लिहिताना बेताने लिही.

तुझा
काल्यू


स्टॉकहोम, २० जुलै १९७२

चि. काल्यूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कार्यक्रम पसंत आहे. माझा नवा फोटो सोबत पाठवते. कोट निळाच असेल. आल्यावर हॉटेलसमोरच्या वेशीपाशी फुलं घेईन म्हणते. अजून तिथे फुलवाल्या बसतात ना? सात ऍस्टर घेईन. सम संख्येची फुलं मयताला नेतात, हे अठ्ठावीस वर्षांत विसरलेले नाही, असं आईला सांग.

हल्ली रात्री झोपताना बुरुजांची यादी पाठ करते. लोकांना वाटतं मला इतिहासाची आवड लागली. तुम्ही सुखरूप असा, म्हणजे मला निघायला बळ येईल.

तुझी
हेल्मी


टालिन, कालामाया, २० ऑगस्ट १९७२, रविवार सकाळ

ती. हेल्मीताईस सा. न. वि. वि.

तुझं जहाज आज संध्याकाळी येणार. काल सात वाजता आपल्या घराशेजारच्या आल्माकाकूंनी बेटावरून फोनवर सांगितलं. तुझी तार गुरुवारी आम्ही फेरीत बसल्यावर बेटावर पोहोचली, आणि काकूंना टालिनची लाइन मिळायला शनिवारची संध्याकाळ झाली. 'जहाज दोन दिवस उशिरा. रविवार ते मंगळवार. सोमवारी चारला तिथेच.' काकूंनी दोनदा वाचून दाखवली. मीही वदवूनच घेतली.

ताई, सोमवारी सौनाघर बंद असतं. बायकांचे वार गुरुवार आणि शनिवार, पुरुषांचे शुक्रवार आणि रविवार. तिकडे नळाखाली राहून तू वार विसरलीस. मीही तुला ते पत्रात लिहिलं नाही, कारण हे कोणाला सांगावं लागतं असं मला कधी वाटलंच नाही.

आता कालचं सांगतो. सांगू नये असं मिराल्दामावशीचं मत आहे, पण उद्या आईच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आज माझ्याकडून ऐकलेलं बरं.

आई तीनलाच आत जाऊन बसली. मी बाहेर लाकडांच्या ढिगाऱ्यापाशी. चार वाजता एक बाई आत गेली. तुझ्याच वयाची, तुझ्याच अंगलटीची, कोटसुद्धा निळसर. मी पाठमोरीच पाहिली. आईने नंतर सांगितलं त्याप्रमाणे, ती वर जाऊन तिच्या शेजारी बसली आणि काही न बोलता पाठ पुढे केली. इथे ते सर्रास आहे, शेजारची जी कोणी असेल तिला पाठ घासायला सांगतात. आईने घासली. अर्धा तास घासली. रडली पण बोलली नाही, कारण बोलायचं नाही असं ठरलं होतं. मग त्या बाईने आईची पाठ घासून दिली, डोक्यावर कोमट पाणी ओतलं आणि गेली.

आई बाहेर आली ती इतकी लाल आणि हलकी दिसत होती की मला वाटलं, झालं एकदाचं. म्हणाली, पोरगी वाळली आहे, पण आता ओरडत नाही. तो निळसर कोट कोपऱ्यावरून वळताना मी पाहिला होता, तेव्हा मलाही खरंच वाटत होतं. मग सात वाजता फोन आला.

फोन मी घेतला. आई बाकावर बसून केस विंचरत होती. सांगावं की न सांगावं, मला कळेना. सांगितलं नसतं तर आज ती माझ्याबरोबर परत निघाली असती, आणि तू उद्या बंद दारावर थापा मारत राहिली असतीस. शेवटी सांगितलं. तिने फणीत अडकलेले केस काढून टाकले. मग म्हणाली, त्या बिचारीने घरी जाऊन काय सांगितलं असेल, कोणी म्हातारी भेटली आणि कातडं निघेस्तोवर घासत बसली. आणि साबण उरला आहे का, ते विचारलं.

मला थांबता येत नाही. रजा आज संपते, बारा वाजताची बस पकडली नाही तर उद्या सकाळची भट्टी कोण पेटवणार? तुला पाहिल्याशिवायच चाललो आहे. मोजे आईजवळ दे. आई मावशीकडे राहील.

सगळं असं ठरलं आहे. हे पत्र मी वेशीपाशी पहिल्याच टपरीवर बसणाऱ्या फुलवालीला देतो आहे. ती मावशीच्या ओळखीची आहे आणि तुझा फोटो तिच्याजवळ आहे. ती सात ऍस्टरच्या कागदात घालून तुला देईल. तू दुसऱ्याच फुलवालीकडे गेलीस, किंवा तिचं बसायचं चुकलं, किंवा गटाने तुला फुलं घेऊच दिली नाहीत, तर मी काही करू शकत नाही. तेव्हा मी फेरीत असेन.

पत्र मिळालं तर एवढं कर. उद्या चार वाजता समोरचं दार बंद दिसेल. तिथे थांबू नकोस. डावीकडे, लाकडांच्या ढिगाऱ्याशेजारी लहान दार आहे. सोमवारी मावशी आत भट्टी घासते, तर ती उद्या न घासता पेटवणार आहे. दोन जुड्या भिजत घातल्या आहेत. आई तीनपासून वरच्या बाकावर डाव्या कोपऱ्यात असेल, आणि दुसरं कोणीही नसेल.

आईचा निरोप शब्दाशब्दाने लिहितो, कारण तिने तो माझ्याकडून दोनदा वदवून घेतला. या खेपेला गप्प बसायचं नाही. दारातच मोठ्याने 'आई' म्हणायचं, म्हणजे तिला कळेल. आणि म्हणून झाल्यावर दार लगेच ओढून घ्यायचं, वाफ जाते.

तुझा
काल्यू