डचेसची जागा

४ सप्टेंबर
आले एकदाची! क्रॉयडनचा फ्लॅट विकून टाकला, त्या जिन्यातल्या बायकांची कटकट संपली, आणि श्रॉपशरच्या या ओल्या कोपऱ्यात माझं स्वतःचं घर उभं राहिलं. होता गोठा, पण आता त्याला गोठा म्हणायची कुणाची टाप नाही. फरशी खालून गरम होते, छताला काचा आहेत, आणि सकाळी दारात चहा घेऊन बसलं की समोरच्या टेकडीवर मेंढ्या दिसतात. मेंढ्या शेजारच्या प्रीसच्या. गोठाही त्यानंच मला विकला. म्हातारा दिवसाला दोन वाक्यं बोलतो आणि त्यातलं एक हवामानाविषयी असतं.

आता एकच सोपस्कार उरलाय. गोठ्याचं घर करायची कौन्सिलची परवानगी तीन वर्षांची असते आणि तिची मुदत १८ तारखेला, गुरुवारी, संपते. त्या दिवशी टॅमसिन लाइल नावाची अधिकारी येऊन पाहणार की घर पुरं झालंय आणि त्यात माणूस राहतंय. नसेल तर परवानगी रद्द, घराचा पुन्हा गोठा, आणि मला दुसरं छप्पर नाही. पण काळजी कशाला? माणूस राहतंय की!

६ सप्टेंबर
पाहुण्यांना घर दाखवताना मी काय सांगणार याची आजच तालीम केली. नियम असा की शेतीची इमारत बदलायची ती आतून, भिंत मात्र पाडायची नाही. एक दगड जास्त हलला तर म्हणे ती 'नवी इमारत'. म्हणून गाईंच्या कप्प्यांमधल्या दगडी भिंती तशाच ठेवाव्या लागल्या. दाराशेजारच्या कप्प्यात स्वयंपाकघर, मग बैठक, मग न्हाणीघर, आणि अगदी शेवटच्या कप्प्यात माझा पलंग. प्रत्येक कप्प्यावर गाईच्या नावाची पाटी आहे. माझ्या डोक्यावर 'डचेस'. गार्वी गवंडी त्या काढायला निघाला होता, मीच थांबवलं. शहरातल्या लोकांना असल्या गोष्टींचं भारी कौतुक.

दुसरा नियम तर आणखी शहाणा. इमारत आधी खरोखर गुरांच्या वापरात असली पाहिजे. आणि हा गोठा वर्षानुवर्षं कुलपात! प्रीस त्यात कोंबडीसुद्धा ठेवत नव्हता. मग तीन वर्षांपूर्वी, परवानगी मागताना, मीच तो 'वापरात' आणला. दुसऱ्या गावाहून ट्रॉलीभर शेण मागवलं, पेंढा पसरला, गव्हाणीत पाणी भरलं, कड्यांना नव्या साखळ्या लावल्या. दोन वासरंही भाड्यानं आणली, पण ती मूर्ख जनावरं उंबरा ओलांडेनात, तेव्हा दारातच बांधली. लाइलबाई नाकाला रुमाल लावून आल्या, वासरांना घाबरल्या आणि 'वापरात आहे' असं लिहून गेल्या. अशा लोकांच्या हातात देशाच्या इमारती आहेत.

९ सप्टेंबर
प्रीस अंडी घेऊन आला आणि चक्क बोलला. पूर्वी हा कळप त्याच्या भावाचा, एम्लिनचा. लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा सगळी गुरं मारायचा हुकूम निघाला. परक्या माणसांना बघून गाई बिथरतील म्हणून एम्लिन स्वतः आत गेला. दाराकडून सुरुवात केली. प्रत्येक गाईच्या मांडीवर थाप द्यायची, रोज दूध काढताना म्हणायचा तसं 'सरक गं' म्हणायचं, ती बिचारी सवयीनं बाजूला सरकायची, आणि मागचा माणूस गोळी घालायचा. डचेस शेवटची. महिन्याभरानं एम्लिनही तिच्याच जागेवर मेलेला सापडला.

माणसांचं घर झालं तर बरं, म्हणून प्रीसनं गोठा विकला म्हणे. पण माझं ते शेण आणि साखळ्या पाहून त्याची झोप उडाली होती. जाताना म्हणाला, “तुम्ही दावण मांडलीत, बाई. एम्लिनला वाटणार, गाई परत आल्या.”

मी अंड्यांबद्दल आभार मानले. इथे टीव्ही नीट दिसत नाही, त्यामुळे लोकांना असलं काहीतरी रचावं लागत असणार.

१२ सप्टेंबर
सकाळी चहा ठेवताना धप्प असा आवाज झाला. जड काहीतरी फरशीवर कोसळल्यासारखा, आणि अगदी माझ्या पायाशी. पाहिलं तर काहीच नव्हतं. मात्र ओट्याखाली पेंढा होता, ओला आणि ताजा. भिंतीतल्या कड्याला साखळीही होती. साखळ्या काढल्याचे पैसे गार्वीनं माझ्याकडून घेतलेत. फोनवर शपथा घेत होता. चोर मेला.

वरची पाटी पुसली गेलीय. स्वयंपाकघरात कुठली गाय होती ते आता आठवत नाही.

१४ सप्टेंबर
आज बैठकीत. तसाच आवाज, आणि ती पाटीही कोरी. कोचामागे शेण पडलं होतं. हातांनी उचललं, मी, जिनं आयुष्यात कुत्रं पाळलं नाही.

हे प्रीसचं काम. गोठा फुकटात परत हवा असेल त्याला. गुरुवारपर्यंत मला पळवून लावायचं आणि मग नियमावर बोट ठेवायचं. बस म्हणावं वाट बघत.

१६ सप्टेंबर
न्हाणीघर. मी टबात होते. आधी थाप ऐकली, उघड्या अंगावर मारल्यासारखी. मग पुरुषाचा आवाज, हळू, मायेचा. मग धप्प.

तो एकेक कप्पा पुढे सरकतोय. लिहिल्यावर किती हास्यास्पद दिसतं. गावंढळ म्हाताऱ्याची गोष्ट ऐकून मी, ऑड्री पोकॉक—

आता फक्त माझा पलंग उरलाय.

१७ सप्टेंबर
भीती वाटतेय. लिहून टाकलं.

दुपारी गाडी काढून गावातल्या खानावळीत जाऊन बसले. एक दिवस बाहेर काढायचा, गुरुवारी लाइलबाईसमोर हजर व्हायचं. ऊन उतरलं, दूध काढायची वेळ झाली आणि माझे पाय उठले. गाडी तिथेच राहिली. मी शेतातून चालत आले, सरळ, कुठेही न चुकता. दारातून आत, सगळे कप्पे ओलांडून शेवटच्यात. उभी राहिले. बरं वाटलं. हेच सगळ्यात—

पाटीवर डचेस नाही. खडूनं लिहिलंय, सुबक अक्षर. ऑड्री.

१८ सप्टेंबर
सकाळ. साखळी गळ्यात आहे. कुणी घातली कळलं नाही. हात मोकळे आहेत, म्हणून लिहितेय.

बाहेर गाडी थांबली. लाइल! ती नाक मुरडणारी, बिनडोक, देवासारखी लाइल. प्रीसशी बोलतेय. मी ओरडले, जीव खाऊन ओरडले, आत या, मी इथे—

ती दाराशीच थांबली. ऐकू आलं मला, “मिस्टर प्रीस, आत गाय आहे का? मग हा अजून गोठाच की.”

प्रीस, सांग तिला. बोल ना रे—

पुन्हा ओरडले. माझ्याही कानांनी ऐकलं या वेळी. तो आवाज माझा—

गाडी सुरू झाली.

मागे बूट वाजतायत. दोघांचे. मांडीवर हात. किती ऊबदार. सरक गं, म्हणतोय. मी नाही सरकणार, मी माणूस आहे, मी अजिबात नाही—

सरकले