दाजींची तालीम आणि काळा समुद्र

गोलुबाट्स, ३ एप्रिल

ती. दाजींस,
मिलादिनचा सा. न. वि. वि.

तुमचा चौदा पानी आराखडा पोचला. पोस्टमन म्हणाला, कोर्टाचे कागद दिसतायत, दार लावून वाच. मी आपला अंगणात बसून वाचला. डॅन्यूबच्या काठाने नोवी सादपासून काळ्या समुद्रापर्यंत रोजचे किलोमीटर, रोजचे चढ, रोजचा कॅम्प, तो भरलेला असला तर दुसरा आणि दुसरा बंद असला तर तिसरा. अडतीस वर्षं रेल्वेची वेळापत्रकं केलेला माणूस दिसतोच. फक्त अकराव्या पानावर एका दिवसात दुपारची झोप दोनदा आली आहे, तेवढी तपासा.

आता माझं ऐका. एका गळक्या होडीवर सुरुवात करून मी इथे सहा संडास आणि चाळीस तंबूंची जागा उभी केली. अठरा वर्षं सायकलवाले माझ्याकडे उतरतात. ज्याच्याकडे सामान कमी, तो लांबून आलेला असतो. ज्याच्याकडे सगळं असतं, तो बहुधा बेलग्रेडहून. तुम्ही लिहिता की नदी उताराला वाहते, म्हणजे सायकलही उतारालाच जाणार. दाजी, नदीला वारा लागत नाही. आमच्या घळीतून कोशावा वारा सुटला की समोरून असा येतो की उतारावरसुद्धा पायडल मारावं लागतं.

हा आराखडा चौथा. पहिल्या वर्षी नकाशा जुना निघाला, दुसऱ्या वर्षी तंबूचा रंग पटला नाही, तिसऱ्या वर्षी काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. ऑक्टोबरात तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे आणि त्यानंतर लांबची सायकल बंद, हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं, तुम्ही ताईला, ताईने मला. म्हणजे हाच उन्हाळा. एक मेला निघा. जागा राखून ठेवली आहे.

ताईला नमस्कार. लोभ आहे तो असू द्या, त्याचं वजन धरू नका.

तुमचा,
मिलादिन

नोवी साद, १४ एप्रिल

चि. मिलादिन यास,
अ. आ. वि. वि.

तुझ्या पत्रातली थट्टा वगळून उरलेल्या मजकुराला उत्तर देतो. उरलेला मजकूर फार नाही.

तू राखलेल्या जागेबद्दल काही शंका आहेत. संडासापासून ती किती पावलांवर आहे? पावलं तुझी की सर्वसाधारण माणसाची? सकाळी सावली कोणत्या झाडाची पडते आणि ते झाड फळं टाकतं का? तुझ्या कॅम्पात कुत्रं आहे असं ऐकतो. त्याचा स्वभाव कळव.

निघण्याची तारीख आठ मे केली आहे, कारण मागच्या चाकाचे आरे बदलायला टाकलेत. पंधरा मेही होऊ शकेल. एकूण सामान तेवीस किलो चारशे ग्रॅम. तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, तीन ट्यूब, पावसाळी कोट दोन (एक ओला झाला तर). घाई करणारे लोक रस्त्यात अडकतात आणि मग आमच्यासारख्यांनी त्यांना सोडवायचं असतं, हे मी नोकरीत पाहिलं आहे.

शिवाय मी तालीम सोडलेली नाही. दर रविवारी भरल्या पिशव्या लावून घरापासून बंधाऱ्यापर्यंत जाऊन येतो. आतापर्यंत सोळा तालमी झाल्या. खरं सामान तालमीत मळेल म्हणून ते कपाटात आहे. पिशव्यांत तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या वस्तू भरतो आणि प्रत्येकीवर चिठ्ठी लावतो, म्हणजे कुठली वस्तू कुठे याची हाताला सवय राहते. यात हसण्यासारखं काही नाही.

गुडघा ठीक आहे. तो विषय आराखड्यात नाही.

लोभ नियमित असावा.
तिहोमिर

नोवी साद, १७ मे

चि. मिलादिन यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे दाजी निघाले. आता कसे, ते वाच आणि मग मला रागावायचं असेल तर रागाव.

आठ तारीख गेली. पंधरा जवळ आली. तेरा तारखेला जेवताना म्हणाले, जूनमध्ये हवा स्थिर असते. माझ्या जेवणाच्या टेबलावर चार वर्षं डॅन्यूब पसरलेली आहे. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभ्यानं जेवतो आणि पाहुणे आले तर बल्गेरियावर ताटल्या ठेवतो. तेही मी सोसलं असतं. पण शनिवारी दुपारी आत गेले तर हे नकाशासमोर बसले होते आणि गुडघा चोळत होते, पेन्सिल खाली. मला पाहून पटकन चष्मा पुसायला लागले. तेव्हा मला कळलं, बाबा, की या माणसाला गुडघ्याची भीती नाही, निघायचीच भीती आहे. जन्मभर दुसऱ्यांना गाडीत बसवलं, स्वतः कधी बसला नाही. ऑक्टोबरानंतर तो रोज त्या टेबलाशी बसेल आणि मी त्याच्याकडे बघत राहीन. ते मला झेपणार नाही.

रविवारी एकविसावी तालीम होती. सगळ्या पिशव्या लावून, शिरस्त्राण घालून हे फाटकाबाहेर पडले. शेजारची देसांका, समोरचा न्हावी, चर्चहून परतणाऱ्या चारपाच बायका, सगळे रस्त्यात. मी आतून भांडं भरून आणलं आणि यांच्या मागे रस्त्यावर पाणी ओतलं. तू लष्करात जाताना आईने ओतलं होतं तसंच, एका दमात, सबंध भांडं.

यांनी मागे वळून पाहिलं. रेल्वेचा माणूस, देवाला महिन्यातून एकदा मानणारा, पण पाणी ओतल्यावर प्रवासाला निघालेला माणूस परत फिरत नाही, फिरला तर घरावर अरिष्ट येतं, हे त्यांनाही ठाऊक. देसांकाने हात जोडून त्यांना सुखरूप प्रवास चिंतला. न्हाव्याने टोपी काढली. हे दोनदा काहीतरी बोलायला गेले. मी म्हटलं, “तिहोमिर, गाडी सुटली.” आणि फाटक लावून घेतलं.

मग आत येऊन रडले. नंतर टेबल पुसलं. संध्याकाळी कपाट उघडलं तेव्हा लक्षात आलं की तंबू, पांघरूण, स्टोव्ह, दोन्ही कोट, सगळं जागच्या जागी आहे. म्हणजे त्यांच्याबरोबर काय गेलं, ते मला नेमकं ठाऊक नाही. तुझ्याकडे पोचले की कळव. तुमच्या घळीत फोन पलीकडच्या रोमानियाचं नेटवर्क पकडतो, तेव्हा पत्रच टाक.

तुझी,
स्मिल्याना

गोलुबाट्स, २५ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दाजी काल दुपारी पोचले. आराखड्याप्रमाणे चौथ्या दिवशी यायचे, ते दहाव्या दिवशी आले. जिवंत आहेत, नाक भाजलं आहे आणि तुझ्यावर रागावलेत असं ते दिवसातून तीनदा सांगतात. जेवण झाल्यावर विसरतात.

त्यांनी काय नेलं होतं ते ऐक. ‘तंबू’ अशी चिठ्ठी लावलेल्या पिशवीत बटाटे. ‘स्लीपिंग बॅग’मध्ये पांढरा घेवडा, सहा किलो. ‘स्टोव्ह’ म्हणजे वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन विटा. पहिल्या संध्याकाळी बेलग्रेडच्या अलीकडे एका शेतात तंबू ठोकायला बसले आणि पिशवी उघडली तेव्हा कुठे त्यांना आठवलं. अडतीस वर्षांत एक डबा चुकला नाही आणि इथे अख्खी गाडी बटाट्याची निघाली.

पण पुढे काय झालं बघ. झोपायला जागा मागायची म्हणजे दार वाजवायला हवं, आणि रिकाम्या हाताने वाजवायचं नाही ही आपली रीत. मग हे प्रत्येक दारात बटाटे घेऊन उभे. आता पाहुण्याने आणलेलं त्यालाच शिजवून घातल्याशिवाय कोण सोडतंय? एका घरी रात्रभर बटाटे, दुसऱ्या घरी सकाळपर्यंत घेवडा, सगळीकडे आधी राकियाचा प्याला. राम गावात तर हे नळाचं पाणी मागायला एका अंगणात शिरले, तर त्या घरी कुळाच्या संताचा सण. उन्हाळी संत निकोला. त्या दिवशी आमंत्रण नसतं आणि आत आलेला माणूस उपाशी बाहेर जात नाही. यांनी तीनदा उठायचा प्रयत्न केला, दोन दिवसांनी सुटले. त्या घरच्या म्हाताऱ्याने त्यांना विचारलं म्हणे, की रोज ऐंशी किलोमीटर जायचं तर माणसं भेटायची कधी. दाजींनी तो प्रश्न मला दोनदा सांगितला.

विटा त्यांनी टाकल्या नाहीत. माझ्या संडासाची पायरी हलत होती, तिथे बसवल्या. दाजींनी स्वतः पातळी लावून.

आता काळजीचं. गुडघा सुजला आहे. मी व्हॅनने नोवी सादला सोडतो म्हटलं, तर उठून सायकलीच्या चाकांत हवा भरायला लागले. शेवटी ठरलं ते असं. घळीचा रस्ता, ते वीस अंधारे बोगदे, चार दिवसांत सावकाश पार करून क्लादोव्होपर्यंत जायचं. तिथून पुढच्या गुरुवारी सकाळी नऊ चाळीसच्या बसने परत, सायकल टपावर. तिकीट मी काढून हातात दिलं. माझा जुना तंबूही दिला, त्याला एक खांब नाही. कोशावा आज तिसऱ्या दिवशी थांबला आहे. समुद्राचं नाव कुणी काढलं नाही. आराखड्याचे पुढचे सहा कागद त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिले, आणि ते देताना त्यांच्याकडे बघवलं नाही, एवढंच लिहितो.

गुरुवारी रात्री त्यांना उतरवून घे. चढवायचं काम मी केलंय.

तुझा धाकटा,
मिलादिन

क्लादोव्हो, गुरुवार

चि. मिलादिन यास,
अ. आ. वि. वि.

बस स्थानकाच्या बाकावर बसून लिहितो आहे. अक्षर वाकडं आलं तर बाक दोषी.

घळ पार झाली. बोगद्यात मागून ट्रक आला की मी मोठ्याने स्टेशनांची नावं म्हणत होतो, क्रमाने. काल इथल्या दवाखान्यात गुडघा दाखवला. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. म्हणाल्या, चालू नका, जिने चढू नका, ऑपरेशन चुकवू नका. सायकलीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, हळू चालवलीत तर बसून राहण्यापेक्षा बरी, पण दुखेल. दुखेल हे मी लिहून घेतलं नाही. ते लक्षात राहणारं आहे.

नऊ चाळीसची बस चार मिनिटं उशिरा आली. मी उठून उभा राहिलो, तिकीट हातात होतं. ड्रायव्हर खाली उतरला, सायकलीकडे पाहिलं, टपाची शिडी लावली. मी त्याला विचारलं, बल्गेरियाची हद्द किती लांब. त्याने सांगितलं, नेगोतिनवरून गेलात तर नव्वदएक किलोमीटर, पण काका, बस तिकडे जात नाही. मी म्हटलं, ते मला दिसतंय.

मग त्याने शिडी काढली, दार लावलं आणि गेला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांसमोर माझी गाडी सुटली आणि मी कुणालाही जबाबदार धरलं नाही. तिकीट स्थानकातल्या एका शिक्षिकेला देऊन टाकलं होतं. तिला बेलग्रेडला मुलीकडे जायचं होतं. खिडकीतून तिने हात केला.

समुद्र गाठेन असं मी लिहीत नाही. बल्गेरियातल्या विदिनपर्यंत जाईन, कदाचित त्याच्या अलीकडेच एखाद्या अंगणात बसेन. स्मिल्यानाला तू सांग, मला तिची भीती वाटते. सांग की रागावलो होतो ते खोटं नव्हतं आणि आता नाही हेही खरं आहे. ऑक्टोबरात हजर राहीन.

ते सहा कागद चूल पेटवायला घे. आज मुक्काम कुठे आहे ते मला ठाऊक नाही. त्यामुळे उत्तर पाठवायला पत्ता देता येत नाही. लोभ मात्र रस्त्यानेच पाठव, कुठेतरी गाठेल.

तुझा दाजी,
तिहोमिर