मिनिटाला चाळीस मुंग्या

३ मार्च, सकाळी ६.४०
आई काल मावशीकडे गेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग विश्रांती. एकूण सतरा दिवस. गुलाब माझ्या ताब्यात. तीन वर्षांनी कळ्या धरल्या आहेत: सात. नव्या डोळ्याने आल्या आल्या तोच बघायचा, असं ती म्हणाली. शेजारच्या काकूंना सांगून ठेवू का, हे दोनदा विचारलं. मी दोनदा नाही म्हटलं. कारखान्यांची मोजमापाची यंत्रं तपासून देणं हे माझं काम. एक कुंडी जमेल.
खोडावर मुंग्या आहेत. दोन खुणा केल्या, मधून जाणाऱ्या मोजल्या. मिनिटाला ४०. उद्दिष्ट: शून्य.

४ मार्च
खोडाला पेट्रोलियम जेलीचा पट्टा, रुंदी दोन सेंटिमीटर. मुंग्या: ०. विषय संपला. यासाठी वही उघडायची गरज नव्हती.

५ मार्च
मुंग्या: ४४. एक फांदी भिंतीला टेकली होती. दोष पट्ट्याचा नाही, भिंतीचा. फांदी बांधली.
कळ्यांच्या देठांवर बारीक हिरवे दाणे आलेत. नवीन फूट. झाडाला माझा हात मानवतोय.

७ मार्च
काकूंनी कुंपणावरून विचारलं, पानं उलटून बघितलीस का. विषय मुंग्यांचा असताना मध्येच पानं कशाला? पाण्याचा पाइप देऊ का, असंही म्हणाल्या. आमच्याकडे पाणी आहे, असं सांगितलं. सभ्यपणे.

९ मार्च
आमिष: साखरेचं पाणी आणि बोरिक पावडर. लॅबच्या काट्यावर तीन दशांशांपर्यंत मोजलं. साहेबांनी हे काय म्हणून विचारलं. रेफरन्स सॅम्पल, म्हटलं. खोटं नाही.

१० मार्च
मुंग्या: २१२. आमिष काम करतंय.
काकू म्हणाल्या, त्यांच्या अंगणातल्या सगळ्या मुंग्या कालपासून दिसत नाहीत, तुझे आभार मानायला हवेत. आभार स्वीकारले.

१३ मार्च
आईचा फोन. ऑपरेशन झालं, दुखत नाही. कळ्या कशा आहेत, असं तिने विचारलं. मुंग्या तीन दिवसांत निम्म्यावर आल्याचं सांगितलं.
"मी कळ्यांचं विचारलं गं."
आलेख उतरता आहे, म्हटलं. तिने पुन्हा तेच विचारलं. औषधाची गुंगी असावी.
कळ्या किंचित वाकल्यात आणि हाताला चिकट लागतात. मध धरत असणार. दाणे पुष्कळ वाढलेत. भिंगाखाली काही सरकल्यासारखे वाटले. माझा हात हलला असावा.

१६ मार्च
मुंग्या: ३१. नवं संकट: काळ्या ठिपक्यांचे लाल किडे, सहा. चक्क दाणे खात होते. एवढी जोपासलेली फूट! सहाही उचलून कुंपणापलीकडे सोडले.

१८ मार्च
मुंग्या: ४. कळ्या: ५. दोन गळल्या. नैसर्गिक छाटणी.

१९ मार्च, संध्याकाळी
आई आली. काळा चष्मा, हातात थेंबांची बाटली. चप्पलसुद्धा न काढता कुंडीकडे. मी आलेख पुढे केला. तिने तो काखेत धरला आणि चष्मा कपाळावर सरकवला.
"मावा आहे हा. शेंड्यापासून बुडापर्यंत मावा."
मग सगळं एकदम कळलं. मावा झाडाचा रस पितो, गोड चिकटा सोडतो, मुंग्या त्या चिकट्यासाठी येतात. पाइपाच्या धारेने मावा धुतला असता तर मुंग्या आपोआप हटल्या असत्या. लाल किडे मावाच खातात. त्यातला एकही कसा दिसत नाही, असं तिने विचारलं. काकूंकडे असल्याचं सांगितलं.
ती ओरडली नाही. कात्री मागितली. पाच कळ्या होत्या, एकही उघडणार नव्हती.

२० मार्च, सकाळी ६.४०
मुंग्या: ०. उद्दिष्ट पूर्ण.
कळ्या: ०.
आई काकूंच्या अंगणात खुर्ची टाकून बसली आहे. त्यांच्या गुलाबाला नऊ फुलं आहेत. मी इथून मोजली.
पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन. कुंडी काकूंकडे राहणार, हे ती मला सांगत नव्हती, काकूंना सांगत होती. मी हरकत घेतली नाही.
एक नोंद राहिली. मी सतरा दिवस जे भिंगातून पाहिलं, ते तिने दोन हात अंतरावरून, उभ्या उभ्या ओळखलं. ऑपरेशन उत्तम झालं आहे.