यूलियनच्या नावाखालचे नाव

लिहून ठेवणारा इग्नात्सी विल्गा, वय एकोणऐंशी, राहणार ओल्शोवा, आयुष्यभर छपरांना पत्रे ठोकण्याचा धंदा केलेला. गुडघे गेले आहेत, डाव्या कानाने ऐकू येत नाही. डोके मात्र ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मेहुणा क्लेमेन्स शंका काढल्याशिवाय राहायचा नाही. हे मृत्युपत्र मी माझ्या मनाने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, लिहीत आहे. यापूर्वी दुसरे केलेले नाही.

१. घर आणि मागची सफरचंदाची झाडे माझी मुलगी इरेना हिला. ती क्राकुफ सोडून इथे राहायला येणार नाही, हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावे. आईच्या कपाटातले कपडे मात्र तिने स्वतःच्या हाताने काढावेत. मला ते जमले नाही.

२. पत्र्याच्या कातऱ्या, लाकडी हातोडे आणि डाख द्यायचे सामान गावात ज्याला हा धंदा येतो त्याने न्यावे. क्लेमेन्सला देऊ नये. त्याने नेलेली माझी लांब शिडी परत आलेली नाही. ती आता त्याच्याकडेच राहू दे. पण ती माझी आहे, हे वाक्य वाचताना जरा मोठ्याने वाचावे.

३. बँकेत जे आहे त्यातून मला माझी बायको आपोलोनिया आणि यूलियन यांच्याशेजारी पुरावे. उरेल त्यातून आम्हा तिघांच्या आत्म्यांसाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, सांगाव्यात. माझ्या मिस्सा एकदम उरकू नयेत. स्वर्गाआधी पापे धुवून निघतात त्या शुद्धिस्थानात मला बराच मुक्काम पडेल असा माझा अंदाज आहे.

४. हे कलम मालमत्तेचे नाही, म्हणून वकील गाळा म्हणाले. मी गाळत नाही.

यूलियन आमचा मुलगा. विशीत होता. सायकलवरून घरी येताना वाल्देक माझुर याने दारूच्या नशेत ट्रॅक्टर त्याच्या अंगावर घातला. वाल्देक तुरुंगात गेला, सुटून आला, आणि एका हिवाळ्यात पिऊन रस्त्याकडेला पडला तो तिथेच गोठून मेला. मला वाटले, संपले.

त्याच्या पुढच्या नोव्हेंबरात फादर चर्चमध्ये घराघरांतून आलेल्या चिठ्ठ्यांवरची मृतांची नावे, दर नोव्हेंबरात वाचतात तशी, प्रार्थनेसाठी वाचत होते. आमच्या चिठ्ठीवर माझे आईवडील झाले, यूलियन झाला, आणि लगेच खाली वाल्देक माझुर. मी सगळ्यांदेखत उठून बाहेर आलो.

घरी आपोलोनियाला विचारले, "माझ्या पोराच्या खाली त्याचं नाव?"

"मग दुसरं कोण लिहिणार? त्याच्या आईला चर्चमध्ये मान वर करायची चोरी झालीय."

"सडू दे तिकडे."

"म्हाताऱ्या, मेलेल्यांना स्वतःसाठी देवाकडे काही मागता येत नाही रे. आपल्यासाठी ते मागतात, पण त्यांच्यासाठी आपणच मागायचं असतं."

"आणि यूलियनला काय वाटेल?"

"यूलियन कधीपासून मागत असेल त्याच्यासाठी. मलाच उशीर झाला."

पुढे दर नोव्हेंबरात आमची चिठ्ठी आली की मी बाहेर भिंतीशी जाऊन सिगारेट ओढायचो. मग ती बाहेर यायची आणि आम्ही घरी जायचो.

ती दोन वर्षांपूर्वी ईस्टरनंतर गेली. त्या नोव्हेंबरात चिठ्ठी मी लिहिली. आईवडील, यूलियन, आपोलोनिया. तिथेच थांबलो. चिठ्ठी चर्चमध्ये वाचली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी गेनोवेफा दारात उभी. वाल्देकची आई. यूलियन गेल्यापासून तिने आमचा उंबरा ओलांडला नव्हता. मला वाटले, जाब विचारायला आली.

"काय पाहिजे?"

"काही नको, इग्नात्सीभाऊ. आपोलोनियासाठी मी रोज माळेवर रोझरी म्हणते, एवढंच सांगायला आले. यूलियनसाठी तर तेव्हापासून म्हणते. तुम्हाला चालत नसेल तर सांगा. कुणाला न कळता म्हणेन."

बाहेर बर्फमिश्रित पाऊस होता. "आत या, गारठा येतोय," एवढेच मी बोललो. चहा केला. वाल्देकचे नाव तिने काढले नाही, मीही नाही. जाताना कप विसळून ठेवून गेली.

सबब, इरेनाने दर नोव्हेंबरात आमच्या चिठ्ठीवर वाल्देक माझुर हे नाव लिहावे. फोनवर विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही." मीही हेच म्हणत होतो. म्हणून ही अट नाही, घर तसेही तिचेच. इच्छा आहे.

मी त्याला क्षमा केली असा अर्थ कोणी काढू नये, फादरांनी प्रवचनात तर मुळीच सांगू नये. ते मला जमलेले नाही. मी दमलो आहे, आणि आपोलोनियाचे काम अर्धवट पडलेले बघवत नाही. मेल्यावर तिकडे तो समोर आला तर काय बोलायचे, तेही ठरलेले नाही.

या वर्षीची चिठ्ठी मी पूर्ण लिहून दिली. आज फादरांनी ती वाचली. मी बाहेर गेलो नाही. बाहेर थंडी फार होती, हेही एक कारण आहे.

ओल्शोवा, २ नोव्हेंबर २०११
(सही) इग्नात्सी विल्गा

साक्षीदार, ज्यांना यातून काही मिळणार नाही:
१. बोनिफात्सी लिस, शेजारी
२. गेनोवेफा माझुर. मजकूर मला सगळा वाचून दाखवला. चौथे कलम मी पुन्हा एकदा वाचायला सांगितले.