टाकीवरची जागा

चिकलठाणा, औरंगाबाद
१४ ऑक्टोबर १९९७

चि. बन्सीस द्वारकाआक्काचा लई लई आशीर्वाद.

आईचे गुडघे कसे आहेत? कापूस वेचायला लागलात का? मोठी म्हैस व्याली का, ते कळव.

तुझ्या दाजींना खोकला आहे, तेवढंच. आठवडा झाला, कारखान्यात जात नायत. तू म्हणशील, खोकल्यानं घरी बसणारा माणूस नव्हता तो. नव्हताच.

कारखान्याच्या शेठनं दाजींसाठी निरोप धाडलाय, "त्रिंबकच्या जागी टाकीवर घरचंच माणूस द्या." दाजी लगेच म्हणाले, बन्सीला लिही, भाऊबीजेला येतानाच वळकटी घेऊन ये म्हणावं. सकाळपासून विचारतेत, लिहिलं का, लिहिलं का? म्हणून बसले लिहायला. पण त्यांनी सांगितलेलं लिहीत नाय.

बन्सी, नुसता खोकला नाय रे. रुमालाला रक्त लागलं तवा मीच हट्टानं घाटी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "बिडी किती ओढता?" ह्यांच्या गळ्यात माळ, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नायत. मग बाईनं नाकात बॅटरी मारून पाहिलं. मधल्या पडद्याला आरपार भोक! "क्रोम चढवायच्या टाकीवर असता का?" तिनंच विचारलं.

दाजी ह्या नाकपुडीतून त्या नाकपुडीत काडी घालून दाखवायचे आन आपण हसून लोळायचो, आठवतं? टाकीवरचे सगळेच दाखवतेत. ज्याची काडी आरपार गेली तो पक्का कारागीर, असं म्हणतेत तिथं. माय गं, कशाला हसलो आपण!

बाई म्हणाली, टाकीची वाफ इतकी वर्षं श्वासासंगं आत गेली, तिच्यातल्या क्रोमियमनं फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. एकट्या त्यानंच झाला का, हे नक्की सांगता येत नाय म्हणे. पण झालाय, छातीचा फोटो आन तपासण्या करून सांगितलं. लिहिला बघ शब्द.

दाजींना पटतच नाय. "टाकीवर एवढे जण हायेत, सगळे मेले का?" असं वरून माझ्यावरच खेकसतेत. ते खोकले की भ्याव वाटतं, खोकायचे थांबले की त्याहून जास्त. आन त्याच टाकीवर तुला उभा करू? नाय रे बाबा!

घराचं मी बघते. गुलमंडीतल्या एका कापडदुकानात साड्यांना फॉल लावायचं काम विचारून आले, ते हो म्हणालेत.

भाऊबीजेलाही येऊ नको. दाजी हात धरून शब्द मागतील. आजारी माणसाला तू नाय म्हणणार नायस, मी वळखते तुला. ज्या बायांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतेत. यंदा मीबी चंद्रालाच ओवाळीन. धडधाकट भाऊ असून ओवाळीन.

आलास तरी दार न उघडणारी,
तुझीच आक्का