सव्वा वर्षाचा नवस

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आत्याबाई आज संडासातून उठू शकल्या नाहीत. आतून हाक आली— "साधना, उठव मले." हीच माझी सासू गेल्या साली वलगावच्या वावरात दिवसभर कापूस वेचत होती.

४ नोव्हेंबर

गल्लीतली प्रणाली फिजिओथेरपिस्ट आहे. येऊन पाहून गेली. म्हणाली, "आजी, हात न टेकवता खुर्चीवरून पाच वेळा उठा." एकदाही जमलं नाही.

"काकू, आजी दिवसभर काय करतात?"

म्हटलं, "काहीच करू देत नाही. पाणीसुद्धा हातात देते." वाटलं, शाबासकी देईल.

"तेच तर चुकलं. हा रोग नाही, बसून बसून पायातलं बळ गेलं. घरातली कामं करू द्या. नाहीतर उन्हाळ्यापर्यंत खाट धरतील."

तिला काय सांगू?

५ नोव्हेंबर

अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा अंबादेवीला बोलले होते— ह्यांना पायी चालत घरी येऊ दे, सव्वा वर्ष सासूला काडी उचलू देणार नाही. हे चालत आले. सहा महिने झाले, नऊ बाकी. नवस मोडावा तर ह्यांचा जीव. पाळावा तर आत्याबाईंचे पाय. देवीनं मागितलं नव्हतं. मीच बोलून बसले.

शेजारच्या दुर्गाबाई दारातूनच म्हणाल्या, "तुह्या सासूचं नशीब पाह्य! राणीवाणी बसून राहाते."

९ नोव्हेंबर

आत्याबाईंसमोर लसूण ठेवला. म्हटलं, चार पाकळ्या सोलल्यानं काय होते. नवस त्यांनाही माहीत आहे. ताट परत सरकवलं. "अन् माह्या जानरावच्या जिवावर आलं तं? मी बसलेलीच बरी."

लसूण मीच सोलला.

१२ नोव्हेंबर

आज ह्यांना सगळं सांगून टाकलं. अर्ध्या ताटावरून उठले.

"माह्या जिवापाई मायचे पाय देऊन आली तू? मले इचारलं होतं?"

पुजारीबुवांना विचारावं, नवस बदलता येतो का. पण ते नाही म्हणाले तर? न विचारलेलंच बरं.

१७ नोव्हेंबर

आज दोनदा उचलून बसवलं. माझीच कंबर धरली. काही सुचत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज मंदिरातून लवकर परतले. दार नुसतं लोटलेलं. आत्याबाई ओट्याला पोट टेकवून उभ्या, मेथी निवडत होत्या. बाजूला हे, एक हात त्यांच्या पाठीशी, दुसऱ्यात मोबाईल. "तीन मिनटं झाले माय. कालच्यापक्षा जास्त. साधना यायच्या आंधी बस आता."

मला कोणी पाहिलं नाही. चपला हातात घेऊन जिना उतरले. परत मंदिरात गेले, देवीपुढे आणखी तासभर बसले. काही मागितलं नाही.