आईच्या मागाचे जुने धागे

बाबा,

मी मोहगावले वत्सला आत्याकडे चालली. पोळ्या डब्यात हायेत, भाजी गरम करून घ्या.

नव्या ताण्याचे उभे धागे मागावरच्या आईच्या जुन्या धाग्यायले गाठी मारूनच जोडायचे होते, हे मले मालूम होतं. पण "शाळेसारखंच हेबी अर्ध्यात सोडशीन" म्हटलं तुमी, अन् मी रागात आईचे सारे धागे ओढून मागाची फणी रिकामी केली. आता कोणता धागा फणीच्या कोण्या घरातून ओढायचा, ते सांगाले आई नाई. तुमी ओरडले असते तं चाललं असतं. नुसते मागापाशी बसून राहिले.

आत्या आईच्या मागावर कधी कधी बसे. तिले आठवत असन तं लिहून आणतो. नसन तं काय, मले नाई मालूम.

ओढलेले धागे खिडकीतल्या पिशवीत हायेत. त्यात आईनं मारलेल्या गाठी हायेत, फेकू नका.

ऋतुजा